मेमरी मोकळी आहे, पण सलग नाही

या महिन्याच्या टपालात बरीच पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरणारी निघाली. यंत्राला, कार्डाला किंवा कॅमेऱ्याला मेमरीचा मोठा सलग पट्टा हवा आहे आणि तो मिळत नाही. बाकीचे विषय पुढच्या अंकात घेते. इचलकरंजीच्या पत्राला सगळ्यात जास्त जागा दिली आहे, कारण त्या वाचकानं नुसती तक्रार न लिहिता मशीनमधले आकडेही जोडून पाठवले होते. अशा पत्राला उत्तर देताना अंदाज बांधावा लागत नाही.

प्रश्न : आमचा कापड तपासणी यंत्रांचा छोटा कारखाना आहे. यंत्रमागावरून आलेला तागा रोलरवरून सरकतो, वर कॅमेरा असतो, आणि तुटका धागा, गाठ, तेलाचा डाग ओळखायचं काम झायलिंक्सच्या झिंक-७०२० चिपवर चालतं. बोर्डावर ५१२ एमबी रॅम आणि लिनक्स. चित्र २०४८ गुणिले २०४८ पिक्सेलचं, त्यासाठी आमचा ड्रायव्हर ४ एमबीचे चार बफर घेतो आणि प्रोग्राम बंद झाला की सोडतो. चिपमधला एएक्सआय डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा थेट रॅममध्ये लिहिणारा भाग) साध्या मोडमध्ये आहे. सकाळी सगळं सुरळीत. दुपारी पाळी बदलताना प्रोग्राम बंद करून पुन्हा लावला की ‘मेमरी नाही’ म्हणतो. फ्री कमांड तर १८० एमबीच्या वर मोकळी दाखवते. बोर्ड बंद-चालू केला की पुन्हा ठीक. आता गिऱ्हाइकाला चित्राची लांबी चौपट हवी आहे, म्हणजे एकेक बफर १६ एमबीचा. आमचे वरिष्ठ म्हणतात, कर्नेलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) कमांडलाइनवर ‘मेम=३८४एम’ टाका आणि वरचे १२८ एमबी आपले समजा. तसं करू का? दुपारची /प्रॉक/बडीइन्फो (मोकळ्या तुकड्यांची कर्नेलची यादी) सोबत जोडली आहे.
(इचलकरंजी)

उत्तर : आधी तुमची बडीइन्फोची ओळ इतर वाचकांसाठी छापते : ३१२०, २२४०, १४१०, ९०२, ५२०, २१०, ८४, २७, ६, १, ०. दुखणं त्या शेवटच्या शून्यात आहे. पहिला आकडा ४ केबीच्या सुट्या पेजांचा (पेज म्हणजे मेमरीचा सगळ्यात लहान तुकडा), दुसरा ८ केबीच्या तुकड्यांचा, तिसरा १६ केबीच्या, असं दुपटीनं चढत अकरावा आकडा ४ एमबीच्या तुकड्यांचा. प्रत्येक आकडा आपापल्या मापानं गुणून बेरीज केली की १८१ एमबी भरतात. म्हणजे फ्री कमांड बरोबरच सांगते आहे. पण त्या १८१ एमबीत ४ एमबीचा अखंड तुकडा एकही नाही, आणि २ एमबीचा फक्त एक आहे.

कर्नेल चालू झाल्यावर मेमरी वाटण्याचं काम बडी अ‍ॅलोकेटर करतो. तो तुकडे निम्मे निम्मे करत देतो आणि परत आले की जोडीदाराशी सांधतो. ४ केबीच्या पेजांवर त्याची नेहमीची सगळ्यात वरची पायरी ४ एमबीची. तुम्ही नेमकी तीच पायरी मागताय. सकाळी मेमरी कोरी असते म्हणून मिळते. दुपारपर्यंत लॉग लिहिले जातात, फाइली कॅशेत बसतात, नेटवर्कचे बफर येतात-जातात, आणि हे सगळे जिथे जागा दिसेल तिथे बसतात. प्रोग्रामची पेजं आणि फाइलींची कॅशे कर्नेलला उचलून दुसरीकडे नेता येते. कर्नेलचे स्वतःचे स्लॅब, पेज टेबलं वगैरे मात्र जिथे बसली तिथून हलत नाहीत. ४ एमबीच्या पट्ट्यात १०२४ पेजं असतात. त्यातलं एक जरी न हलणारं निघालं तरी तो पट्टा हातचा गेला. /प्रॉक/सिस/व्हीएम/कॉम्पॅक्ट_मेमरी मध्ये १ लिहून कर्नेलला आवराआवर करायला लावता येतं, कधी कधी त्यानं एखादा ४ एमबीचा तुकडा निघतोही. पण कारखान्यात पाळी बदलताना ‘कधी कधी’वर यंत्र चालवायचं नसतं.

ड्रायव्हर लोड होतानाच बफर घ्या आणि सोडूच नका, हा उपाय तुमच्या आजच्या ४ एमबीला पुरला असता. १६ एमबीला नाही, कारण ती पायरीच बडीकडे नाही. सकाळी कोऱ्या मेमरीतसुद्धा तो नकारच देईल.

म्हणून जागा त्याआधी अडवायला हवी, आणि इथे बूट होण्याचा क्रम नीट समजून घ्या. कर्नेल उठल्यावर अगदी सुरुवातीला बडी अस्तित्वात नसतो. तेव्हा मेमब्लॉक नावाची साधी नोंदवही असते : एका यादीत रॅम कुठून कुठपर्यंत आहे, दुसऱ्या यादीत त्यातली कोणती जागा राखलेली आहे. कर्नेलचा स्वतःचा कोड, इनिटआरडी (बूट होताना लागणारी तात्पुरती फाइलसिस्टिम), डिव्हाइस ट्री (बोर्डावर काय काय आहे याची कर्नेलला दिलेली यादी) यांची जागा तिथे राखली जाते. डिव्हाइस ट्रीमधल्या राखीव जागा आणि कमांडलाइनवरचं ‘सीएमए=’ (सलग मेमरीच्या राखीव पट्ट्याचा आकार) हेही त्याच टप्प्यावर वाचलं जातं. मग उरलेली सगळी मेमरी एकगठ्ठा बडीच्या हवाली होते. ड्रायव्हरची पाळी त्यानंतर कितीतरी उशिरा येते, आणि मॉड्यूल असेल तर रूट फाइलसिस्टिम बसल्यावरच. तोवर वाटप उरकलेलं असतं. तेव्हा मोठी जागा ड्रायव्हरच्या कोडमधून राखायचा खटाटोप सोडा. ती डिव्हाइस ट्रीत किंवा कमांडलाइनवर लिहा आणि ड्रायव्हरला फक्त ती वापरू द्या.

आता ‘मेम=३८४एम’. तुमच्या वरिष्ठांचा उपाय जुना आहे आणि चालतोही. टेबलावर एखाद्या संध्याकाळी एफपीजीएचं (चिपमधल्या हवं तसं जोडता येणाऱ्या सर्किटचं) डिझाइन तपासायला मीही तो नाकारणार नाही. पण गिऱ्हाइकाकडे जाणाऱ्या यंत्रात तो घालू नका. त्यात कर्नेलपासून रॅम लपवली जाते. कर्नेलच्या लेखी ती जागा नाहीच, म्हणून ती कोणाची आहे याची नोंद कुठेही होत नाही. उद्या दुसऱ्या इंजिनिअरनं तोच पत्ता दुसऱ्या ब्लॉकला दिला तर अडवायला कोणी नाही. यंत्र रिकामं उभं असलं तरी पाव रॅम कायमची बाजूला पडते. १ जीबीचा बोर्ड आला की पत्त्यांचा हिशेब पुन्हा मांडा. शिवाय अशी जागा ड्रायव्हर सहसा आयओरीमॅपनं उघडतो किंवा प्रोग्राम /डेव्ह/मेम मधून घेतो. दोन्हीकडे ती कॅशेशिवाय येते, आणि तुमचं डाग शोधणारं गणित प्रत्येक पिक्सेलला थेट रॅमपर्यंत जाऊन येतं.

आणखी एक अडचण बूटलोडरची. बऱ्याच बोर्डांवर यू-बूट इनिटआरडी उचलून रॅमच्या वरच्या टोकाला ठेवतो. तुम्ही वरचे १२८ एमबी कापले की ती इनिटआरडी कापलेल्या भागात सापडते, कर्नेल ‘नॉट अ मेमरी रीजन, डिसेबलिंग इनिटआरडी’ असं सांगून पुढे जातं, आणि मग रूट फाइलसिस्टिम का सापडत नाही म्हणून लोक भलतीकडेच शोधत बसतात.

तुम्ही करा ते असं. डिव्हाइस ट्रीच्या मुळाशी ‘रिझर्व्ड-मेमरी’ नावाचा नोड घाला. त्याच्या अ‍ॅड्रेस-सेल्स आणि साइझ-सेल्स मुळाच्या नोडसारख्याच ठेवा, आणि रिकामी ‘रेंजेस’ ओळ विसरू नका. ती नसली की कर्नेल नोडचा साचा ओळखत नाही, एक ओळ छापतं आणि सगळी राखीव यादी सोडून देतं. आत तुमचा एक उपनोड. त्यात ‘कंपॅटिबल’ला ‘शेअर्ड-डीएमए-पूल’, ‘साइझ’ला ८० एमबी, ‘अलाइनमेंट’ला ४ एमबी, आणि ‘रियूजेबल’ ही नुसती खूण, तिला किंमत नसते. ‘रेग’नं पक्का पत्ताही देता येतो, पण एफपीजीएतल्या एखाद्या ब्लॉकमध्ये पत्ता कोरून ठेवला असेल तरच द्या. नुसतं ‘साइझ’ दिलं तर कर्नेल बूट होताना स्वतः जागा शोधतं आणि बोर्ड बदलला तरी तुमचं काही बदलत नाही.

चार गुणिले सोळा चौसष्ट, मग ८० का? कारण त्याच डिव्हाइसच्या नावानं मागितलेल्या बारीकसारीक गोष्टीही याच पट्ट्यातून जातात. पुरते ६४ ठेवलेत आणि त्यात एखादं पेज आधी बसलं तर चौथा बफर मावणार नाही, आणि ती चूक शोधायला तुमचा दिवस जाईल.

नोड घालून काम संपत नाही. डिव्हाइसच्या नोडवर ‘मेमरी-रीजन’ लिहून त्या उपनोडाकडे बोट दाखवा, आणि ड्रायव्हरच्या प्रोबमध्ये (डिव्हाइस सापडल्यावर चालणाऱ्या भागात) ‘ऑफ_रिझर्व्ड_मेम_डिव्हाइस_इनिट’ हा कॉल करा. हा कॉल विसरला की ड्रायव्हर मुकाट्यानं सर्वसाधारण पट्ट्यातून मेमरी घेतो आणि तुमचे ८० एमबी न वापरता पडून राहतात. इथे आणखी एक बारकावा आहे. ‘डीएमए_अ‍ॅलॉक_कोहेरंट’ला तुम्ही ज्या डिव्हाइसचा पॉइंटर देता, ‘मेमरी-रीजन’ त्याच डिव्हाइसचं असायला हवं. पुष्कळ जण ओळ कॅमेऱ्याच्या नोडवर लिहितात आणि मेमरी डीएमए इंजिनच्या नावानं मागतात. मग दोघांची गाठ पडत नाही.

‘रियूजेबल’ म्हणजे सीएमए. पट्टा राखलेला असतो, पण तुम्ही मागत नाही तोवर कर्नेल त्यात हलवता येणारी पेजं ठेवतं. तुम्ही मागितलं की ती पेजं दुसरीकडे नेऊन जागा रिकामी करून देतं. म्हणजे यंत्र थांबलेलं असताना तेच ८० एमबी फाइलींच्या कॅशेला उपयोगी पडतात. ही स्थलांतराची क्रिया मात्र फुकट होत नाही, वेळ घेते, आणि एखादं पेज त्या क्षणी गुंतलेलं असेल तर नकारही येऊ शकतो. तुमच्या यंत्रात प्रोग्राम सुरू होताना काही क्षण जास्त गेले तर बिघडत नाही, म्हणून मी सीएमए सांगते. बफर मात्र एकदा घ्या आणि ड्रायव्हर उतरेपर्यंत धरून ठेवा. प्रत्येक वेळी प्रोग्रामबरोबर घेणं-सोडणं बंद करा. जिथे ठरलेल्या वेळेत जागा हातात यायलाच हवी तिथे ‘रियूजेबल’ काढून ‘नो-मॅप’ लावा. मग तो पट्टा फक्त तुमचा. ३२ बिटांच्या आर्मवर ‘रियूजेबल’ नसलेला डीएमए पूल ‘नो-मॅप’शिवाय घेतलाच जात नाही, हे लक्षात असू द्या.

कॅशेचा प्रश्न सीएमएनं सुटत नाही. झिंक-७००० मधली एचपी पोर्टं (एफपीजीएला रॅमशी जोडणारी) प्रोसेसरच्या कॅशेत डोकावत नाहीत, म्हणून ‘कोहेरंट’ बफर कॅशेशिवायच मिळतो. प्रोसेसरवर जास्त गणित असेल तर स्ट्रीमिंग पद्धत वापरा. बफर कॅशेसकट ठेवायचा आणि प्रत्येक चित्र आलं की ‘डीएमए_सिंक_सिंगल_फॉर_सीपीयू’ करायचं. दोन्ही पद्धतींनी एका चित्राला लागणारा वेळ मोजा आणि मग ठरवा. एसीपी पोर्ट कॅशेशी जुळवून घेतं, पण ते एकच आहे. बाकी कोणाला ते लागतं का ते आधी बघा.

शेवटी एफपीजीएवाल्या सहकाऱ्याला एक गोष्ट सांगा. एएक्सआय डीएमएच्या साध्या मोडमध्ये एका वेळी किती बाइट जातील हे लांबीच्या रजिस्टरच्या रुंदीवर ठरतं. १६ एमबी म्हणजे दोनाचा चोविसावा घात, १,६७,७७,२१६ बाइट. २४ बिटांत त्याहून एकनं कमी एवढीच संख्या मावते. तेव्हा रुंदी २५ बिट हवी, आणि विव्हाडोमध्ये (झायलिंक्सच्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये) ती २६ पर्यंत नेता येते. हे राहिलं तर कर्नेलची बाजू कितीही नीट केलीत तरी पूर्ण चित्र उतरणार नाही. आणि त्याच सहकाऱ्याला स्कॅटर-गॅदर मोड लावायला जमत असेल, चिपमध्ये तेवढी जागा उरलेली असेल, तर विखुरलेल्या तुकड्यांवरही काम भागतं आणि सलग पट्ट्याची गरजच कमी होते.

बदल केल्यावर डीमेसगमध्ये (कर्नेलच्या नोंदींत) सीएमए पूल तयार झाल्याची ओळ पत्ता आणि आकारासह दिसली पाहिजे, आणि /प्रॉक/मेमइन्फोतलं ‘सीएमए टोटल’ तेवढ्यानं वाढलेलं. पुढे कधी ‘सीएमए अ‍ॅलॉक फेल्ड’ आलं तर शेवटचा आकडा बघा. उणे १२ असेल तर बहुतेक वेळा पट्ट्यात तेवढी सलग जागा उरलेली नसते. उणे १६ असेल तर जागा आहे, पण तिथलं कोणीतरी पेज हलायला तयार नाही.

प्रश्न : शाळेसाठी ८ जीबी रॅमचा लॅपटॉप घेतला. सिस्टिमच्या माहितीत ‘८ जीबी, वापरण्याजोगी ७.७ जीबी’ असं लिहिलं आहे. दुकानदारानं फसवलं का?
(रत्नागिरी)

उत्तर : नाही. ८ जीबीच आहेत. लॅपटॉप सुरू करणारं फर्मवेअर ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी उठतं आणि काही भाग आधीच बाजूला काढतं. त्यातला मोठा वाटा बहुधा प्रोसेसरमध्येच असलेल्या ग्राफिक्सचा असतो, कारण त्याला स्वतःची वेगळी मेमरी नसते. फर्मवेअर मग कोणती जागा वापरायची आणि कोणती नाही याचा नकाशा ऑपरेटिंग सिस्टिमला देतं. लिनक्सवर तो डीमेसगच्या अगदी सुरुवातीला ‘बायॉस-ई८२०’ या नावाच्या ओळींत दिसतो. काही लॅपटॉपांत ग्राफिक्सचा वाटा बायॉसमधून कमी-जास्त करता येतो. शाळेच्या कामासाठी त्याला हात लावायची गरज नाही.

प्रश्न : १६ जीबी रॅमच्या पीसीत वेगवान सिग्नल टिपणारं पीसीआय एक्सप्रेस कार्ड बसवलं आहे. कार्डाला स्कॅटर-गॅदर नाही, सलग २ जीबी हवेत. सोबतच्या पुस्तिकेप्रमाणे ग्रबच्या (पीसीच्या बूटलोडरच्या) फाइलीत ‘मेममॅप=२जी$८जी’ लिहिलं. रीस्टार्ट केल्यावर पीसीत २ जीबीसुद्धा पूर्ण दिसेनात! कार्ड काढून बघितलं, तरी तेच. रॅम खराब झाली का? आणि मेममॅपऐवजी १ जीबीची ह्यूजपेजेस (४ केबीऐवजी १ जीबीची मोठी पेजं) चालतील का?
(पुणे)

उत्तर : रॅम धडधाकट आहे. ती डॉलरची खूण वाटेत गळली आहे. /प्रॉक/कमांडलाइन उघडून बघा, तिथे डॉलर आणि आठ दोन्ही नसतील. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब ही फाइल शेल वाचतं आणि शेलला ‘$८’ म्हणजे आठवा घटक वाटतो. तो रिकामा, म्हणून तिथे काहीच उरत नाही. पुढे ग्रब स्वतःही डॉलरचा तसाच अर्थ लावतो. कर्नेलच्या हाती पडतं ‘मेममॅप=२जी’ आणि मागे एक अनाथ ‘जी’. डॉलर नसलेल्या मेममॅपचा अर्थ कर्नेल असा घेतं की २ जीबीच्या वरची सगळी रॅम वगळा. तुम्ही २ जीबी राखायला गेलात आणि २ जीबीच उरले.

फाइलीत डॉलरच्या आधी तीन बॅकस्लॅश द्या. एक जोडी शेलपुढे एका बॅकस्लॅशची होते, तिसरा डॉलर वाचवतो, आणि उरलेला एक बॅकस्लॅश ग्रबपुढे कामी येतो. मग अपडेट-ग्रब चालवा आणि रीस्टार्ट झाल्यावर पुन्हा /प्रॉक/कमांडलाइनच बघा. अक्षर न् अक्षर बरोबर दिसलं की मगच पुढे. त्यानंतर रूट होऊन /प्रॉक/आयओमेम उघडा (रूट नसाल तर सगळे पत्ते शून्य दिसतात). ८ जीबीपासून १० जीबीपर्यंत ‘रिझर्व्ह्ड’ दिसलं पाहिजे. हे करण्याआधी ई८२० च्या नकाशात तो पट्टा खरोखर रॅमचा आहे ना, हेही तपासा. ४ जीबीच्या खाली पीसीआयच्या पत्त्यांसाठी भोक सोडलेलं असतं, म्हणून रॅमचा वरचा भाग तुम्हाला वाटतो त्यापेक्षा वर सरकलेला असतो.

या उपायाबद्दल माझं मत इचलकरंजीच्या उत्तरात आलंच आहे. निदान इथे कर्नेलच्या नकाशात ‘रिझर्व्ह्ड’ अशी नोंद तरी राहते, त्यामुळे तो ‘मेम=’पेक्षा बरा. पण तुमच्या पीसीत आयओएमएमयू (डिव्हाइसनं दिलेले पत्ते रॅमच्या खऱ्या पत्त्यांत बदलणारा भाग) असणार. तो चालू असेल तर कार्डाला नुसता खरा पत्ता देऊन भागत नाही. कार्डानं लिहायला सुरुवात केली की डीमेसगमध्ये ‘डीएमएआर’ फॉल्टच्या ओळी येतात आणि डेटा येत नाही. पुस्तिका अशा वेळी आयओएमएमयू बंद करा म्हणून सांगतात. मी उलट म्हणेन. तो चालू ठेवा आणि ड्रायव्हरला कर्नेलच्या डीएमए एपीआयमधून मेमरी घेऊ द्या. मग विखुरलेली पेजं कार्डाला सलग पत्त्यांवर दिसतात आणि मेममॅपचं लचांडच उरत नाही. ड्रायव्हरचा सोर्स तुमच्याकडे असेल तर आठवडाभराचं काम या बाजूला घाला, सार्थकी लागेल.

१ जीबीच्या ह्यूजपेजेसबद्दलही तुम्ही विचारलंय. तीही बूट होतानाच कमांडलाइनवरून मागावीत, कारण नंतर तेवढा सलग तुकडा मिळण्याची शक्यता फार कमी. प्रत्येक पेज आतून सलग असतं, पण दोन पेजं शेजारीशेजारी येतीलच असं नाही. तुमच्या कार्डाला १ जीबीचे दोन वेगळे बफर चालत असतील तर हा मार्ग चांगला आहे.

प्रश्न : रास्पबेरी पायवर कॅमेऱ्याचा प्रकल्प करतोय. कमांडलाइनच्या फाइलीत ‘सीएमए=२५६एम’ लिहिलं, आणि ओव्हरलेमध्येही (डिव्हाइस ट्रीला जोडायच्या तुकड्यात) सीएमएचा वेगळा आकडा आहे. कोणता लागू होतो? आणि हे २५६ एमबी माझ्या प्रोग्रामसाठी गेलेच का?
(बेळगाव)

उत्तर : कमांडलाइनचा. डीमेसगमध्ये ‘बायपास’ अशी ओळ सापडेल. तिचा अर्थ, डिव्हाइस ट्रीतला नोड सोडून कमांडलाइनचा आकडा घेतला. मेमइन्फोत ‘सीएमए टोटल’ २,६२,१४४ केबी दिसलं की खात्री झाली.

गेले नाहीत. तुमच्या प्रोग्रामची साधी पेजं त्या पट्ट्यात राहू शकतात. पण कर्नेलच्या स्वतःच्या न हलणाऱ्या वस्तूंना तिथे प्रवेश नाही. १ जीबीच्या पायवर हौसेनं निम्मी रॅम सीएमएला दिली तर कर्नेलला स्वतःसाठी मेमरी कमी पडते, आणि ‘सीएमए फ्री’ भरपूर दिसत असताना प्रोग्राम मारले जातात. कॅमेऱ्याची एक फ्रेम किती बाइटची आणि एका वेळी किती फ्रेम लागतात याचा गुणाकार करा. १९२० गुणिले १०८०, पिक्सेलला चार बाइट, म्हणजे ८२,९४,४०० बाइट, ८ एमबीला थोडे कमी. अशा सहा फ्रेम धरल्या तरी पन्नासच्या आत. डिस्प्लेसाठी काही वाढवा. २५६ तुम्हाला पुरून उरतील.

प्रश्न : १९९० च्या दशकात मी आयएसए कार्डांसाठी ड्रायव्हर लिहीत असे. १६ एमबीच्या खाली सलग बफर मिळवण्यासाठी तेव्हाही अशीच मारामारी होती. इतक्या वर्षांनी हा प्रश्न कर्नेलनं स्वतःच का सोडवला नाही?
(ठाणे, निवृत्त)

उत्तर : तुमच्या वेळचा डीएमए कंट्रोलर २४ बिटांचा पत्ता देत असे, म्हणून १६ एमबीची भिंत, आणि आठ बिटांच्या चॅनलला ६४ केबीची सीमा ओलांडता येत नसे. एक्स८६ कर्नेलमध्ये पहिल्या १६ एमबीचा ‘डीएमए’ झोन त्याचसाठी ठेवला गेला. मोठ्या बफरसाठी तेव्हा ‘बिगफिसएरिया’ नावाचा पॅच लोक बाहेरून लावत. बूट होतानाच तो पट्टा अडवून ठेवायचा.

मग मोबाइल आले. कॅमेरा, व्हिडिओ डीकोडर, डिस्प्ले, प्रत्येकाला सलग जागा हवी आणि ती सगळी एका वेळी वापरात नसायची. प्रत्येक चिपवाल्यानं आपापला राखीव तुकडा कापून ठेवला, आणि आधीच थोडी असलेली रॅम रिकामी पडून राहू लागली. सॅमसंगच्या पोलंडमधल्या मारेक शिप्रोव्स्की आणि मिखाउ नाझारेविच यांनी सीएमएवर काम केलं, ते याच अडचणीतून. पुष्कळ फेऱ्यांनंतर ते २०१२ साली लिनक्सच्या ३.५ आवृत्तीत आलं. डिव्हाइस ट्रीमधली ‘रिझर्व्ड-मेमरी’ची पद्धत त्यानंतर, २०१४ साली मुख्य कर्नेलमध्ये आली. माझ्या मते या दोन गोष्टींनी ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचे जेवढे हाल वाचवले तेवढे क्वचितच कशानं वाचवले असतील. त्याआधी प्रत्येक बोर्डाच्या सी फाइलीत वेगवेगळ्या हातांनी लिहिलेली राखीव जागांची यादी असे, आणि नवीन बोर्ड आला की ती कॉपी करून आकडे बदलायचे.

कर्नेलनं पूर्ण का सोडवला नाही, याचं कारण हार्डवेअरमध्ये आहे. प्रोसेसरला पत्ते बदलून देणारा एमएमयू आहे, म्हणून त्याला विखुरलेली पेजं सलग दिसतात. साध्या डिव्हाइसला तसं काही नसतं. ते रॅमचा खरा पत्ता उचलतं आणि ओळीनं लिहीत जातं. डिव्हाइससाठीही एमएमयू दिला की प्रश्न मिटतो, आणि पीसी, सर्व्हर, मोठ्या मोबाइल चिपांमध्ये तो दिलेला आहे. झायलिंक्सच्याच पुढच्या झिंक अल्ट्रास्केल प्लसमध्ये आर्मचा एसएमएमयू आहे. इचलकरंजीच्या वाचकाच्या झिंक-७००० मध्ये मात्र नाही, आणि अशा स्वस्त, टिकाऊ चिपा कारखान्यांमधून अजून बरीच वर्षं चालणार आहेत. तिथे स्कॅटर-गॅदर जमत नसेल तर बूट होताना जागा राखण्याला पर्याय नाही. तुमच्याकडे त्या काळातले ड्रायव्हर आणि वह्या असतील तर जरूर पाठवा. ६४ केबीची सीमा तुम्ही कशी चुकवत होता ते या सदरात सविस्तर छापायला मला आवडेल.